फॉरवर्ड नको, कॉमेंट टाका! शिक्षकांच्या ग्रुपसाठी गूगल डॉक्स आणि शीट्स, दोन वर्षं घासून वापरल्यावर

आधीच सांगते, हा कंप्यूटरवाल्या माणसाचा रिव्ह्यू नाही. मी गणित शिकवते, आणि शीटमध्ये दोन कॉलमची बेरीज करायचा फॉर्म्युला अजूनही मला दर वेळी शोधावा लागतो. आम्ही 11 जण आहोत, वेगवेगळ्या शाळांमधले, निम्मे तर एकमेकांना प्रत्यक्ष कधी भेटलेलेसुद्धा नाहीत. नवीन अभ्यासक्रम आला, सगळ्यांची वर्षानुवर्षांची टाचणं एका फटक्यात जुनी झाली, आणि एकट्याने हे निस्तरणार नाही हे कळल्यावर ऑनलाइन एकत्र आलो. तेव्हापासून हे काम आम्ही गूगल डॉक्स आणि शीट्सवर करतोय. त्यातलं काय चाललं, कुठे तोंडावर पडलो, ते लिहिते. लांबण लागेल, चहा वगैरे घेऊन बसा.

थोडक्यात हवं असेल त्यांच्यासाठी: घ्या, वापरा, फुकट आहे. पण त्यातली खरी कामाची गोष्ट फाईल शेअर करणं नाहीये, कडेला येणारी ती छोटीशी कॉमेंट आहे. आम्हाला हे कळायला जवळजवळ एक सत्र गेलं.

सुरुवात आमचीही चॅट ग्रुपनेच झाली, सगळ्यांची तशीच होते. पहिल्या आठवड्यात काय तो उत्साह! एकेकाने पीडीएफ टाकायला सुरुवात केली, नियोजन, घटक चाचण्या, कृतिपत्रिका, कुठूनतरी आलेले व्हिडिओ, आणि खाली ओळीने हात जोडलेले इमोजी. "खूप उपयुक्त मॅडम", "धन्यवाद सर". मी तेव्हा सगळं डाउनलोड करून ठेवलं. महिन्याभराने फोल्डर बघितलं तर नियोजन_फायनल, नियोजन_फायनल_नवीन, नियोजन_फायनल_खरंच_फायनल अशा तीन फाईली, तिन्ही वेगळ्या, आणि कोणती कोणी का बदलली याचा पत्ता नाही. आणि खरं सांगू का, त्यातली एकही मी वर्गात वापरली नव्हती. विचारल्यावर कळलं, कोणीच वापरली नव्हती! 11 माणसं एकमेकांना फाईली पाठवत होती आणि प्रत्येकजण वर्गात आपलं जुनंच शिकवत होता. मग एक दिवस कोणीतरी विचारलं, "ती अपूर्णांकाची चर्चा कुठे झाली होती हो?" आणि आम्ही अर्धा तास वर स्क्रोल करत बसलो, मध्ये वाढदिवसाच्या शुभेच्छा, सुट्टीची परिपत्रकं, परत शुभेच्छा. चर्चा काही सापडली नाही. चॅट वाईट आहे असं नाही म्हणत मी, "आज 8 वाजता बसतोय का" हे विचारायला त्याच्याइतकं चांगलं काही नाही. पण तिथे बोललेलं वाहून जातं.

मग आमच्यातल्या विज्ञानवाल्या सरांनी एक डॉक उघडलं आणि त्यात नवीन अभ्यासक्रमातल्या आमच्या इयत्तेच्या सगळ्या अध्ययन निष्पत्ती (म्हणजे शिकल्यावर मुलाला काय करता आलं पाहिजे ती वाक्यं) आणून ठेवल्या. बाकी काही नाही, नुसत्या निष्पत्ती, एका टेबलात, एकेका ओळीत एक. (कॉपी-पेस्टचा घोळ आधीच सांगून ठेवते, पीडीएफ जुन्या नॉन-युनिकोड फाँटमधली असेल तर पेस्ट केल्यावर भलतीच अक्षरं उमटतात, शेवटी सगळं हातानेच टाइप करावं लागतं. आम्ही ते वाटून घेतलं आणि बऱ्याच जणांनी डॉक्समधलं बोलून टाइप करायचं फीचर वापरलं, मराठीत चालतं ते, जोडाक्षरं नंतर तपासून घ्यायची एवढंच.) गंमत म्हणजे हाताने टाइप करताना पहिल्यांदाच आम्ही त्या निष्पत्ती नीट वाचल्या. तोपर्यंत वाचल्याचा भास होता.

आणि मग सरांनी एका शब्दाला निवडून त्यावर कॉमेंट टाकली.

निष्पत्ती अपूर्णांकाची होती. जुन्या अभ्यासक्रमात "अपूर्णांक ओळखतो" असं काहीसं असायचं, नव्यात "अपूर्णांक संख्यारेषेवर दर्शवतो व स्पष्ट करतो". मी वाचून पुढे गेले होते, म्हटलं आपण शिकवतोच की हे. सरांनी "स्पष्ट करतो" एवढेच दोन शब्द निवडून विचारलं, "म्हणजे मुलाने नक्की काय केलं की आपण म्हणायचं याला आलं?" बस. त्या एका प्रश्नाखाली पुढच्या दहा दिवसांत 40 च्या वर उत्तरं पडली. एक म्हणे तोंडी सांगितलं तरी पुरे. दुसऱ्या म्हणे तोंडी सांगणं म्हणजे पाठ केलेलं असू शकतं, चित्र काढून दाखवलं पाहिजे. तिसऱ्या मॅडमनी लिहिलं की माझ्या वर्गातली काही मुलं बोलत नाहीत पण करून दाखवतात, त्यांचं काय करायचं. मग मी लिहिलं की चुकीचं उत्तर दाखवून "हे का चुकलं" असं विचारावं, ते ज्याला सांगता येईल त्याला आलं. त्यावर परत वाद. हा वाद चॅटवर झाला असता तर चौथ्या मेसेजला कोणीतरी सुविचार टाकला असता आणि संपलं असतं. इथे तो त्या दोन शब्दांना चिकटून राहिला. आज कोणी नवीन शिक्षक आमच्यात आला आणि त्याने विचारलं की "स्पष्ट करतो" म्हणजे काय, तर मी त्याला फक्त त्या ओळीवर पाठवते, सगळी भांडणं तिथे आहेत, कोण काय म्हणालं, कोणी माघार घेतली, शेवटी काय ठरलं. कॉमेंट रिझॉल्व्ह केली, म्हणजे विषय मिटला म्हणून बंद केली, तरी ती पुसली जात नाही, कॉमेंट हिस्टरीत जाऊन परत उघडता येते.

हे क्रियापदांचं प्रकरण नवीन नाही म्हणा. बी.एड.ला ब्लूमचं वर्गीकरण (नुसतं आठवण्यापासून वरच्या विचारापर्यंत शिकण्याच्या पायऱ्या) सगळ्यांनीच पाठ केलेलं असतं, 1956 चं, आणि 2001 मध्ये ते सुधारून नामांची क्रियापदं केली आणि "निर्मिती करणे" सगळ्यात वर नेऊन ठेवलं. परीक्षेत लिहिलं आणि विसरलो. पण नुसत्या क्रियापदाच्या तक्त्याने भागत नाही हे मला या कॉमेंट्समध्येच कळलं. "वर्णन करा" हे आठवून सांगण्यासाठीही असतं आणि डोकं खाजवायला लावण्यासाठीही असतं, पुढे काय येतं त्यावर आहे. नॉर्मन वेब या अमेरिकन शिक्षण संशोधकांनी 1997 मध्ये विचाराच्या खोलीच्या 4 पातळ्या मांडल्या (1 म्हणजे नुसतं आठवणं, 4 म्हणजे सगळ्यात खोल विचार) त्या नेमक्या याच दुखण्यासाठी, प्रश्न आणि निष्पत्ती एकाच खोलीवर आहेत का ते बघायला. आम्ही मग प्रत्येक ओळीपुढे 1 ते 4 आकडा लिहायला लागलो. आधी प्रत्येकाने आपला आकडा स्वतंत्र लिहायचा, मग दाखवायचा. पहिल्यांदा केलं तेव्हा एकाच निष्पत्तीला 1 पासून 3 पर्यंत आकडे आले. एकच ओळ, एकच इयत्ता, आणि आम्ही सगळे आपापल्या शाळेत "नवीन अभ्यासक्रमानुसार" शिकवत होतो!

आता प्रॉडक्टकडे येते, नाहीतर म्हणाल रिव्ह्यू म्हणून बोलावलं आणि बी.एड.चा तास घेतला.

डॉक्समध्ये तीन प्रकारे माणसाला आत घेता येतं: फक्त बघणारा, कॉमेंट करणारा आणि एडिट करणारा. आम्ही सुरुवातीला मोठ्या मनाने सगळ्यांना एडिट दिलं. करू नका. कोणाचं बोट फोनवर घसरलं आणि एक पूर्ण घटक गायब. व्हर्जन हिस्टरीतून परत आणता आलं, ते फार छान आहे, कोणत्या दिवशी कोणी काय बदललं हे रंगात दिसतं आणि एखाद्या टप्प्याला नाव देऊन ठेवता येतं, "पहिल्या सत्राआधी" असं. पण ज्याच्या हातून उडालं ते सर पुढचे दोन आठवडे डॉकमध्ये फिरकलेच नाहीत, लाजेने. त्यानंतर दोघांना एडिट, बाकी सगळ्यांना कॉमेंट असं केलं, आणि बदल सुचवायचा असेल तर सजेस्टिंग मोड. हा मोड 2014 पासून आहे आणि मला वाटतं शिक्षकांसाठी याच्याइतकी उपयोगी गोष्ट दुसरी नाही, कारण आपल्या लोकांचा स्वभाव असा की सीनियर सरांनी लिहिलेलं वाक्य खोडायची हिंमत कोणाला होत नाही. सजेस्टिंगमध्ये खोडलं जात नाही, नुसतं सुचवलं जातं, मूळ वाक्य तिथेच रंगीत रेघ मारलेलं दिसतं, सरांनी टिक केलं तर बदलतं. आमच्यातल्या सगळ्यात नवीन मॅडम, मीटिंगमध्ये चार महिने एक शब्द बोलल्या नव्हत्या. डॉकमध्ये त्यांच्या सूचना बघितल्या आणि आम्ही गप्प झालो, इतक्या नेमक्या.

कॉमेंट एखाद्याच्या नावावर लावता येते, @ करून, मग त्याला मेल जातो आणि ते काम म्हणून दिसतं. हे कामाचं आहे पण जपून. सुरुवातीला मी उत्साहात सगळ्यांना कामं लावत सुटले, रात्री 11 ला सुद्धा. दुसऱ्या दिवशी शाळा असते हो माणसांना. एका ताईंनी शांतपणे लिहिलं, "तुमच्या मेलमुळे आमच्या घरी मला नोकरी बदललीस का विचारतायत." तेव्हापासून नावावर काम लावायचं तर आधी विचारून.

आता माझ्या मते या सगळ्यातली सर्वांत मौल्यवान गोष्ट. वह्यांचे फोटो.

आम्ही टेबलात निष्पत्तीच्या पुढचा कॉलम "कृती" असा ठेवला होता, सगळे ठेवतात. मग कोणता खेळ घ्यायचा, कोणता व्हिडिओ दाखवायचा यावर चर्चा रंगायची आणि मुलाला आलं की नाही हे कसं कळणार तो कॉलम शेवटी रिकामाच. मग उलटं केलं: निष्पत्तीनंतर लगेच "पुरावा", म्हणजे मुलाने काय लिहिलं, काढलं, बोललं की आपण मान्य करू, आणि कृती त्याच्यानंतर. कॉलमची अदलाबदल, एवढंच, माऊसने ओढून होतं. पण त्यानंतर अर्धे खेळ आपोआप गळून पडले, कारण त्यातून पुरावा काहीच निघत नव्हता, मुलं नुसती खूश होत होती. (खूश व्हावीत की, माझं काही म्हणणं नाही. पण त्याला निष्पत्ती क्रमांक लावू नये.)

मग पुरावा कॉलममध्ये आम्ही खरे फोटो टाकायला लागलो. सगळ्यांनी एकच प्रश्न आपापल्या वर्गात दिला: 0 ते 2 अशी संख्यारेषा काढली आहे, तिच्यावर एक द्वितीयांश दाखवा. सोपा ना? अर्ध्या अधिक मुलांनी बरोब्बर मध्ये खूण केली. म्हणजे 1 वर! कारण त्यांच्या डोक्यात "अर्धा" म्हणजे समोर जे काही आहे त्याचं अर्धं. इतकी वर्षं वर्तुळाचे आणि आयताचे तुकडे रंगवून घेतले, तिथे आख्खं चित्र म्हणजेच एक पूर्ण असतं, त्यामुळे ही चूक कधी दिसलीच नाही. अपूर्णांक ही एक संख्या आहे, तिची रेषेवर ठरलेली जागा आहे, हे मुलाला कळलंच नव्हतं आणि आम्हाला ते कळलं नव्हतं हे कळलं नव्हतं. दुसरा फोटो असाच: 0 ते 1 चे चार भाग करायचे तर मुलं मध्ये चार रेघा मारतात, भाग होतात पाच. रेघा मोजतात, अंतरं मोजत नाहीत. हे सहा वर्गांतून आलं, एकमेकांशी काही संबंध नसलेल्या शाळा, चूक तीच.

अमेरिकेत 2010 साली जे कॉमन कोअर आलं, म्हणजे कोणत्या इयत्तेत काय यायला हवं याची अनेक राज्यांनी मिळून घेतलेली मानकं, त्यात तिसरीतच अपूर्णांक संख्यारेषेवर आणलेत, आणि तिथे छेद मुद्दाम 2, 3, 4, 6 आणि 8 एवढेच ठेवलेत. आधी मला वाटायचं, एवढ्या लहान मुलांना संख्यारेषा कशाला, उगाच फॅड. ते फोटो बघितल्यावर वाटणं बंद झालं. आणि मोजकेच छेद का, तेही कळलं: आकडेमोडीत दमछाक झाली तर जागेचा विचार राहूनच जातो. तिथे चाळीसच्या वर राज्यांनी एकच मानकं घेतल्यामुळे एका टोकाच्या शिक्षकाचा पाठ दुसऱ्या टोकाच्या शिक्षकाला जसाच्या तसा लागू पडायला लागला, ऑनलाइन देवघेव वाढली त्याचं ते एक मोठं कारण. एकच चूक सहा वर्गांत बघून आम्हाला जे झालं ते तसंच काहीसं होतं, आपण एकाच पानावर बसलोय असं पहिल्यांदा वाटलं.

फोटो टाकताना एक नियम मात्र पाळाच: मुलाचं नाव, हजेरी क्रमांक, चेहरा, काही दिसता कामा नये. आम्ही वहीच्या वरच्या भागावर कागद ठेवूनच फोटो काढतो. आणि लिंक "ज्याच्याकडे लिंक आहे त्या कोणालाही" अशी ठेवू नका, नावानिशी माणसं जोडा. कंटाळा येतो, पण करा. डॉक फोटोंनी जड व्हायला लागलं की फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये आणि डॉकमध्ये फक्त लिंक. काहीजण यासाठी पॅडलेट वापरतात, भिंतीवर चिठ्ठ्या लावल्यासारखे फोटो लागतात, एका नजरेत सगळे दिसतात, तेही छान आहे. पण वाद घालायला मला डॉकची कॉमेंटच बरी वाटते.

जपानमध्ये शंभरेक वर्षांपासून शिक्षक पाठ-अभ्यास करतात, एक पाठ मिळून तयार करायचा, एकाने शिकवायचा, बाकीच्यांनी वर्गात मागे बसून मुलं काय करतायत ते बघायचं (शिक्षक काय करतोय ते नाही!), आणि मग पाठ दुरुस्त करायचा. आम्हाला एकमेकांच्या वर्गात बसता येत नाही. वहीचा फोटो म्हणजे त्यातलं पाव हिश्शाचं काम, पण पाव हिस्सा तरी होतो.

शीट्सबद्दल थोडं कमी लिहिते कारण प्रेम थोडं कमी आहे. शीटमध्ये आम्ही वर्षाचा नकाशा केलाय, उभ्या बाजूला निष्पत्ती, आडव्या बाजूला आठवडे, जिथे शिकवणार तिथे खूण. ड्रॉपडाउन करून ठेवा, "सुरू", "झालं", "परत घ्यायचंय", नाहीतर प्रत्येकजण आपल्या भाषेत लिहितो आणि मग मोजता येत नाही. या नकाशाने एक मोठं काम केलं. अपूर्णांक तीन वेगवेगळ्या ठिकाणी येत होते, तीन पाठांत, आणि प्रत्येक वेळी आम्ही पहिल्यापासून सुरू करत होतो. आणि "अंदाज करतो" ही निष्पत्ती कुठेच नव्हती, वर्षभरात एकही खूण नाही. पाठ्यपुस्तकात तिच्या नावाचा वेगळा धडा नाही ना, म्हणून. धड्यावरून नियोजन केलं की असं होतं.

फिल्टरची गोष्ट सांगितलीच पाहिजे. एका रात्री गोंधळ, "माझ्या ओळी गेल्या", "माझ्याही गेल्या", एक मॅडम रडकुंडीला. झालं होतं एवढंच की एका सरांनी आपली इयत्ता बघायला साधा फिल्टर लावला होता आणि तो सगळ्यांनाच लागतो. ओळी होत्या तिथेच, लपलेल्या. त्यासाठी फिल्टर व्ह्यू नावाची वेगळी सोय आहे, ती फक्त तुमच्यापुरती असते. हे एक वाक्य कोणी आधी सांगितलं असतं तर ती रात्र वाचली असती, म्हणून तुम्हाला सांगतेय. तसंच निष्पत्तीचा कॉलम प्रोटेक्ट करून ठेवा, आणि एखादा चौकोन कोणी बदलला कळत नसेल तर त्यावर राइट क्लिक करून एडिट हिस्टरी बघा. भांडण वाचतं.

सगळ्यात मोठा दणका मात्र वेगळाच बसला आणि त्यात चूक शंभर टक्के आमची. फाईल ज्याच्या अकाउंटवर तयार होते त्याच्या मालकीची असते. आमच्या एका मॅडमनी पहिल्या सत्राच्या सगळ्या कृतिपत्रिका त्यांच्या शाळेने दिलेल्या अकाउंटवर केल्या होत्या. त्यांनी शाळा बदलली, जुन्या शाळेने रीतीप्रमाणे अकाउंट बंद केलं, आणि एका सकाळी आमच्या 30 च्या आसपास लिंक मेल्या. मॅडमचा दोष नाही, शाळेचाही नाही, आमच्यापैकी कोणाला हे माहीतच नव्हतं. जे वाचलं ते कोणी कोणी आपली कॉपी करून ठेवली होती म्हणून. आता नियम: सामायिक फाईली एकाच ठरलेल्या वैयक्तिक अकाउंटवर, आणि सत्र संपलं की दोघांनी आपापली कॉपी करायची. कॉपी करताना कॉमेंट्सही घ्या असा पर्याय येतो, त्यावर टिक करायला विसरू नका, नाहीतर आमच्यासारखं होईल, पाठ मिळाला, भांडणं गेली. संस्थेच्या अकाउंटवर शेअर्ड ड्राइव्ह मिळतं, त्यात फाईल माणसाची नसून संस्थेची राहते, पण आमच्यासारख्या विखुरलेल्या लोकांना ते कुठलं. फुकट अकाउंटला 15 जीबी जागा असते आणि त्यात मेल आणि फोटोही मोजले जातात, व्हिडिओ टाकत बसलात तर संपेल.

एक छोटी युक्ती: लिंकच्या शेवटी "एडिट" लिहिलेलं असतं ते खोडून तिथे "कॉपी" लिहिलं (इंग्रजी अक्षरांत अर्थातच) तर उघडणाऱ्याला थेट स्वतःची प्रत करायला विचारतं. कृतिपत्रिका वाटायला भारी. मूळ फाईल कोणी विस्कटत नाही.

मीटिंग झूमवर. फुकटवाल्या खात्यात 40 मिनिटांनी बंद पडतं, आणि माझं स्पष्ट मत आहे की शिक्षकांच्या मीटिंगला यासारखी देणगी नाही. आम्ही बोलायला बसलो की थांबत नाही, पेशाचाच दोष. 40 मिनिटं आहेत म्हटल्यावर सगळे आधी डॉक वाचून येतात आणि फक्त न सुटलेल्या कॉमेंट्स घेतल्या जातात. ज्या सुटल्या त्यावर बोलायचं नाही.

तयार मालाबद्दल दोन शब्द. मध्यंतरी आम्ही एक पैसे भरून घ्यायचा पाठ-नियोजनाचा प्लॅटफॉर्मही घेऊन बघितला, नाव घेत नाही. दिसायला काय सुंदर, प्रत्येक पाठावर "नवीन अभ्यासक्रमाशी सुसंगत" असा हिरवा शिक्का. उघडून बघितलं तर तेच जुने स्वाध्याय, त्यांच्या डोक्यावर नवीन क्रमांक चिकटवलेला. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. आमच्या विज्ञानवाल्या सरांनी चाचणी काढलीय याची, त्यांच्या विषयात 2013 च्या एनजीएसएससारख्या (अमेरिकेतली शालेय विज्ञानाची मानकं) मानकांमध्ये प्रत्येक अपेक्षेत तीन धागे गुंफलेले असतात, आशय, विज्ञान करण्याची पद्धत आणि सगळ्या विषयांतून जाणाऱ्या संकल्पना. सर पाठ उघडतात आणि म्हणतात, "मधला धागा दाखवा." मुलाने स्वतः निरीक्षण करून, पुराव्याने काही मांडायचंय का? नसेल तर शिक्का कितीही हिरवा असो.

एआयचंही तेच. आमच्यातले तिघं नियमित वापरतात आणि पहिला खर्डा काढायला, एकाच प्रश्नाचे सोपे-अवघड प्रकार करायला खरंच वेळ वाचतो. पण निष्पत्ती क्रमांक त्याला विचारू नका. एकदा एका पाठावर इतक्या आत्मविश्वासाने क्रमांक दिला होता की दोन दिवस कोणाला संशयच आला नाही, आणि तसा क्रमांक अभ्यासक्रमात अस्तित्वातच नव्हता. आता क्रमांक नेहमी मूळ कागदातूनच, माणसाने टाकायचा.

आणि हो, आपला माल बाहेर वाटायचा असेल तर त्यावर परवाना लिहा. क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने 2002 पासून आहेत, एका ओळीत सांगता येतं की वापरा, बदला, पण नाव द्या आणि पुढेही असंच मोकळं ठेवा. आम्ही आधी लिहीत नव्हतो, मग कळलं की लोक विचारायला संकोचतात आणि वापरतच नाहीत. उलट बाजूही बघा, पाठ्यपुस्तकाच्या पानांचे फोटो किंवा कुठल्यातरी गाइडमधली चित्रं घालून केलेल्या कृतिपत्रिकेवर असा परवाना आपण लावू शकत नाही, ती आपली नाहीच. आमच्या निम्म्या जुन्या कृतिपत्रिका याच कारणाने आतच राहिल्या.

कोणासाठी नाही हे? ज्यांना उद्याच्या निरीक्षणासाठी आज रात्री फाईल हवीय त्यांच्यासाठी नाही, त्यांना चॅट ग्रुपच बरा, दहा मिनिटांत काहीतरी मिळेल. फक्त फोनवर काम करणाऱ्यांना रुंद टेबलं छोट्या स्क्रीनवर जड जातात, आमच्यात चौघांकडे लॅपटॉप नाही, त्यांच्यासाठी आम्ही एकेका निष्पत्तीचं एकेक छोटं डॉक केलं, टेबल काढून टाकलं, आता बरं चालतं. आणि 11 च्या जागी 50 जण असतील तर मला शंका आहे. एका डॉकमध्ये एका वेळी 100 जण लिहू शकतात म्हणे, लिहितील, पण भांडतील कसे? आमच्यातसुद्धा खरं काम सहा-सातजणच करतात, बाकीचे वाचतात. आधी मला त्याचा राग यायचा. आता नाही येत, कारण वाचणाऱ्यांपैकी एकीने परवा स्वतःहून फोटो टाकला, वर्ष झालं होतं नुसतं वाचत.

रेटिंग द्यायचं तर डॉक्सला 5 पैकी साडेचार, शीट्सला साडेतीन, आणि आम्हाला, म्हणजे वापरणाऱ्यांना, 3. पहिलं आख्खं सत्र फाईली जमवण्यात घालवलं त्याचे दोन कापले.

सध्या आमच्या डॉकमध्ये 9 कॉमेंट्स उघड्या आहेत. सगळ्यात जुनी त्या "अंदाज करतो" वरची. मुलाने आधी गणित सोडवलं आणि मग उत्तराच्या जवळपासचा गोल आकडा "अंदाज" म्हणून लिहिला, तर त्याला मार्क द्यायचे का? मी नाही म्हटलंय, निम्मे लोक हो म्हणतायत, आणि विज्ञानवाल्या सरांनी आत्ता जेवणानंतर खाली एक वहीचा फोटो टाकलाय, ज्यात मुलाने अंदाज खोडून तीन वेळा बदललाय आणि प्रत्येक वेळी बाजूला कारण लिहिलंय. त्याला उत्तर द्यायचंय मला, जाते.